दहा वर्षांच्या काट्यावर शेअरचा भाव

शेअरचा भाव एका वर्षाच्या मिळकतीशी न ताडता दहा वर्षांच्या सरासरी मिळकतीशी ताडावा, आणि ती सरासरी महागाईचा हिशेब धरून काढावी, या पद्धतीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेकांची गाडी शेवटच्या भागाकाराशी अडत नाही. दहा वर्षांचे आकडे एका मापात आणताना अडते. म्हणून जास्त जागा त्यालाच दिली आहे. उदाहरणादाखल आलेल्या कंपन्यांची नावे ही खरेदी-विक्रीची शिफारस समजू नये.

प्रश्न : पोलाद कंपनीचा शेअर चारच्या पी/ई गुणोत्तराला मिळत असेल तर तो स्वस्तच म्हणायचा ना? मग दहा वर्षे मागे कशाला जायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रति समभाग मिळकत. पोलाद, साखर, सिमेंट, वाहनांचे सुटे भाग, रसायने अशा धंद्यांत चारचा पी/ई हा बहुधा धोक्याचा आकडा असतो. गुणोत्तराच्या खालच्या बाजूला असलेली मिळकत त्या वर्षी फुगलेली असते.

टाटा स्टीलचे आकडे पाहा. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव चढे होते. कंपनीचा एकत्रित नफा ४१,७०० कोटी रुपयांच्या वर गेला आणि प्रति समभाग मिळकत सुमारे ३३२ रुपये झाली. मार्च २०२२ अखेर भाव १,३०० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पी/ई चारच्या जवळ. पुढच्याच वर्षी नफा ८,१०० कोटींच्या आत आला आणि २०२३-२४ मध्ये जवळजवळ ४,९०० कोटींचा तोटा झाला. तोट्याच्या वर्षी पी/ई निघतच नाही. दरम्यान जुलै २०२२ मध्ये एका समभागाचे दहा झाले. मार्च २०२४ अखेर नवा समभाग १५५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जुन्या मापाने १,५५० रुपये. पी/ई चार असताना भाव १,३०० आणि पी/ई काढताच येत नसताना १,५५०! त्या दोन वर्षांत एका वर्षाच्या पी/ईचा भावाशी काही ताळमेळच राहिला नाही.

उलट्या दिशेने फसवणूक कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ८०० च्या आसपास कोसळला होता. वित्तसंस्थांच्या प्रचंड तोट्यांमुळे त्या निर्देशांकाची मागील बारा महिन्यांची मिळकत सात डॉलरच्याही खाली गेली होती. पी/ई शंभराच्या वर दिसत होता, म्हणजे कागदावर बाजार भयंकर महाग. दहा वर्षांच्या सरासरीवर तोच आकडा तेराच्या आसपास येत होता, आणि पुढे जे घडले ते या दुसऱ्या आकड्याशी जुळणारे होते.

ही कल्पना नवी नाही. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच सांगितले होते की सरासरी निदान पाच वर्षांची असावी, सात किंवा दहा वर्षांची असल्यास बरे. रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल यांनी १९८८ मध्ये तिला महागाईची जोड देऊन संपूर्ण बाजारावर वापरली. म्हणून तिला शिलर पी/ई किंवा केप म्हणतात. दहा वर्षांत बहुतेक धंद्यांची एक तरी तेजी आणि एक तरी मंदी येऊन जाते. दहा या संख्येमागे एवढेच कारण आहे, तिच्यात दुसरी काही जादू नाही.

प्रश्न : प्रत्यक्ष हिशेब पायरीपायरीने करून दाखवाल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : एक काल्पनिक फोर्जिंग कंपनी (धातूचे भाग घडवणारी) घेऊ. आजचा भाव १,०८० रुपये. एक्सेलमध्ये पाच स्तंभ करा : आर्थिक वर्ष, अहवालातील प्रति समभाग मिळकत, बोनस-विभाजनानंतरची मिळकत, महागाईचा गुणक आणि आजच्या रुपयांतील मिळकत.

मिळकत एकत्रित लेख्यांतून घ्यावी, स्वतंत्र लेख्यांतून नव्हे. उपकंपन्यांचा नफा-तोटा स्वतंत्र लेख्यांत येत नाही. मूळ आणि विरल अशा दोन मिळकती छापलेल्या असतात, त्यांतली विरल, म्हणजे पुढे निघू शकणारे समभागही धरून काढलेली, घ्यावी. अनेक कंपन्यांच्या वार्षिक अहवालात दहा वर्षांचा आर्थिक आढावा एका पानावर असतो. सुरुवातीला तो सोयीचा आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. कधी त्यात जुने आकडे नव्या समभागसंख्येनुसार बदललेले असतात, कधी नसतात. तळटीप वाचल्याशिवाय ते कळत नाही.

गुणक काढायचा तो असा : शेवटच्या वर्षाचा सरासरी महागाई निर्देशांक भागिले त्या त्या वर्षाचा सरासरी निर्देशांक. देशाचा एकत्रित ग्राहक किंमत निर्देशांक २०१५-१६ मध्ये सरासरी १२४.७ होता आणि २०२४-२५ मध्ये १९२.६ (पायाभूत वर्ष २०१२). म्हणून २०१५-१६ चा गुणक १.५४. तेव्हाच्या एका रुपयाचे आजचे दीड रुपयाहून जास्त झाले.

आपल्या कंपनीचा तक्ता असा येतो (मिळकत, गुणक, आजच्या रुपयांत) :

२०१५-१६ : २० × १.५४ = ३०.८
२०१६-१७ : १८ × १.४८ = २६.६
२०१७-१८ : २७ × १.४३ = ३८.६
२०१८-१९ : ३४ × १.३८ = ४६.९
२०१९-२० : १५ × १.३२ = १९.८
२०२०-२१ : उणे ५ × १.२४ = उणे ६.२
२०२१-२२ : ३० × १.१८ = ३५.४
२०२२-२३ : ४२ × १.१० = ४६.२
२०२३-२४ : ५५ × १.०५ = ५७.८
२०२४-२५ : ६० × १.०० = ६०.०

शेवटच्या स्तंभाची बेरीज ३५५.९, दहाने भागून सरासरी ३५.६ रुपये. भाव १,०८० भागिले ३५.६ म्हणजे ३०.३. मागील एका वर्षाच्या मिळकतीवर हाच शेअर १८ पटींना दिसतो. महागाई विसरून नुसती सरासरी काढली असती तर ती २९.६ रुपये आली असती आणि गुणोत्तर ३६.५. महागाई न धरल्यास जुनी वर्षे आहेत त्यापेक्षा खुजी दिसतात आणि शेअर विनाकारण महाग वाटतो.

आता तोट्याच्या वर्षाबद्दल. ते वर्ष अपवादात्मक होते म्हणून कित्येक जण वगळतात आणि नऊने भागतात. तसे केल्यास सरासरी ४०.२ आणि गुणोत्तर २६.९ येते. एक ओळ खोडली आणि शेअर दहा टक्क्यांहून जास्त स्वस्त झाला! आमचे स्पष्ट मत आहे की तोट्याचे वर्ष उणे चिन्हासह तसेच ठेवावे. मंदी येणारच, आणि तिचा भार सरासरीत यावा म्हणून तर दहा वर्षे घेतली.

प्रश्न : महागाईसाठी घाऊक निर्देशांक चालेल का? आणि २०११ च्या आधीचे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घाऊक निर्देशांक या कामाला घेऊ नये. कच्चे तेल आणि धातूंच्या भावांबरोबर तो फार हेलकावतो. २०१५-१६ मध्ये तो साडेतीन टक्क्यांहून जास्त खाली गेला होता आणि २०२१-२२ मध्ये जवळपास १३ टक्के वर. पोलाद कंपनीची मिळकत त्याने समायोजित केली तर तिच्याच मालाच्या भावाने तिचाच नफा मोजल्यासारखे होते. आपल्याला पाहायचे आहे ते गुंतवणूकदाराच्या हातात आलेल्या रुपयाची खरेदीची ताकद किती, आणि त्यासाठी ग्राहक किंमत निर्देशांकच हवा. तो सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर महिन्यावार मिळतो. एप्रिल ते मार्च बारा आकड्यांची सरासरी काढावी, नुसता मार्चचा आकडा घेऊ नये.

एकत्रित ग्राहक निर्देशांकाची मालिका जानेवारी २०११ पासून आहे. त्याआधीची वर्षे हवी असतील तर लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक वापरावा. महागाई भत्ता ज्यावर ठरतो तोच हा. त्याचे पायाभूत वर्ष बदलत आले आहे. १९८२ वरून २००१ वर जाताना जोडगुणक ४.६३ होता आणि २००१ वरून २०१६ वर जाताना २.८८. नव्या मालिकेतील आकड्याला जोडगुणकाने गुणले की तो जुन्या मालिकेच्या मापात येतो. हे न करता दोन मालिका एकाखाली एक चिकटवल्या तर एका महिन्यात निर्देशांक जवळजवळ दोन-तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त उतरल्याचे दिसेल. आलेखात असा कडा दिसला की जोडगुणक राहून गेला असे समजावे.

नेहमीची आणखी एक चूक म्हणजे दरवर्षीचे महागाईचे दर नुसते बेरजेने जोडणे. २०१५-१६ नंतरच्या नऊ वर्षांच्या दरांची बेरीज ४४ टक्क्यांच्या आसपास होते, चक्रवाढीने वाढ मात्र ५४ टक्के आहे.

प्रश्न : इन्फोसिसच्या जुन्या अहवालात २०१३-१४ ची प्रति समभाग मिळकत १८६ रुपये दिसते, आणि आता ती साठीच्या घरात आहे. कंपनीचा नफा एवढा घसरला का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घसरलेला नाही, समभाग वाढले. कंपनीने डिसेंबर २०१४, जून २०१५ आणि सप्टेंबर २०१८ असे तीन वेळा एकास एक बोनस दिले. २०१४ च्या आरंभी ज्याच्याकडे एक समभाग होता त्याच्याकडे आठ झाले. म्हणून १८६.३५ ला आठने भागायचे : २३.३ रुपये. २०१५-१६ ते २०१७-१८ या वर्षांच्या, त्या त्या वेळी छापलेल्या मिळकतीला दोनने भागायचे. २०१८-१९ पासून भागाकार नाही.

२०१४-१५ चे वर्ष जपून हाताळावे. ताळेबंदाच्या तारखेनंतर पण लेखे मंजूर होण्याआधी बोनस निघाला तर त्या अहवालातली मिळकतच नव्या संख्येवर मोजलेली असू शकते. एकाच वर्षाची मिळकत एका अहवालात एक आणि पुढच्या अहवालाच्या मागील वर्षाच्या स्तंभात निम्मी, असे दिसेल. दोन्ही बरोबर असतात. आपण कोणता आकडा उचलला याची नोंद तक्त्यात शेजारी करून ठेवावी. पडताळा सोपा आहे : निव्वळ नफा भागिले समभागसंख्या करून पाहा, कोणती संख्या धरली आहे ते लगेच कळते.

बोनस आणि विभाजनासाठी जुने आकडे बदलायचे. पुनर्खरेदी, संस्थात्मक गुंतवणूकदारांना विकलेले नवे समभाग किंवा विलीनीकरणात दिलेले समभाग यांसाठी बदलायचे नाहीत. तिथे पैसा खरोखर आत आला किंवा बाहेर गेला, आणि त्याचा परिणाम त्या त्या वर्षाच्या मिळकतीत आपोआप येतो. काही जण दहा वर्षांचा एकूण नफा आजच्या समभागसंख्येने भागतात. ज्या कंपनीने मध्ये भरपूर भांडवल उभे केले तिच्या बाबतीत हे चूक आहे. जुना नफा कमी भांडवलावर मिळालेला असतो, त्याला आजच्या वाढलेल्या संख्येने भागले तर सरासरी उगाच खाली येते.

हक्कभाग, म्हणजे जुन्या भागधारकांना विकत देऊ केलेले नवे समभाग, या दोन्हींच्या मधले आहेत. बाजारभावापेक्षा स्वस्त दिल्यामुळे त्यात थोडा बोनस दडलेला असतो. समजा भाव ३०० रुपये आहे आणि चार समभागांमागे एक हक्कभाग २०० रुपयांना मिळाला. मग पाच समभागांची किंमत ४ × ३०० + २०० म्हणजे १,४००, एकाची २८०. हक्कभागापूर्वीच्या सर्व वर्षांच्या मिळकतीला २८० भागिले ३००, म्हणजे ०.९३३ ने गुणावे.

प्रश्न : अपवादात्मक तोटे आणि नफे सरासरीतून काढून टाकावेत की ठेवावेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : यावर अभ्यासकांतही मतभेद आहेत. शिलर यांच्या गुणोत्तरावर जेरेमी सीगल यांचा मुख्य आक्षेप हाच होता. मालमत्तेचे मूल्य घसरले की लगेच तोटा दाखवण्याचे अमेरिकी लेखानियम कडक झाले, त्यामुळे मंदीतील मिळकत पूर्वीपेक्षा खोल खाली जाते आणि पुढची दहा वर्षे गुणोत्तर चढे दिसते, असे त्यांचे म्हणणे. २००८ मध्ये एकट्या एआयजी या विमा कंपनीचा तोटा ९९ अब्ज डॉलरचा होता. संपूर्ण निर्देशांकाची मिळकत एका कंपनीने खाली ओढली. निर्देशांकाच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे.

एका कंपनीच्या बाबतीत मात्र आमचा कल ठेवण्याकडे आहे. टाटा मोटर्सने २०१८-१९ मध्ये जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे मूल्य सुमारे २७,८०० कोटींनी कमी केले. त्या तिमाहीत रोकड बाहेर गेली नाही हे खरे. पण ती मालमत्ता उभी करताना पैसा गेलाच होता, आणि आधीच्या वर्षांत घसारा कमी पडल्याने तेव्हाचे नफे जास्त दिसले होते. शिवाय मूल्य कमी केल्यावर पुढच्या वर्षांचा घसारा हलका होतो आणि नफा वाढतो. निर्लेखन वगळले आणि नंतरचा वाढलेला नफा मात्र मोजला, तर एकच गोष्ट दोनदा आपल्या बाजूने धरल्यासारखे होते.

काढून टाकण्याजोग्या बाबी थोड्या आहेत : जमीन किंवा एखादा व्यवसाय विकून आलेला एकदाचा नफा, आणि करदर बदलल्यामुळे जुन्या स्थगित कराच्या (पुढे भरायचा किंवा वाचणारा म्हणून लेख्यांत धरलेल्या कराच्या) फेरमोजणीतून आलेला कागदी नफा-तोटा. ज्या कंपनीत दर दोन वर्षांनी ‘अपवादात्मक’ तोटा येतो तिथे तो शब्द मनावर घेऊ नये.

करदराचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकराचा नवा पर्याय आला, आणि अधिभार-उपकर धरून सुमारे ३४.९४ टक्के भरणाऱ्या कंपनीचा दर २५.१७ टक्के झाला. करपूर्व नफा तेवढाच असला तरी करोत्तर नफा १५ टक्क्यांनी वाढला. त्यामुळे २०१९ पूर्वीची मिळकत १.१५ ने गुणून दुसरी सरासरी काढून पाहायला हरकत नाही. मात्र आधी त्या कंपनीचा प्रत्यक्ष करदर तपासा. अनेक कंपन्या सवलतींमुळे पूर्वीही बऱ्याच कमी दराने कर भरत होत्या. आणि जिथे स्पर्धा तीव्र आहे तिथे कराची बचत भाव कमी करण्यात निघून जाते, तिथे ही दुरुस्ती करू नये.

प्रश्न : माझ्या कंपनीचा आकडा तीस आला. अमेरिकेची दीर्घकालीन सरासरी सतराच्या आसपास आहे असे वाचले. मग विकून टाकू का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तीस विरुद्ध सतरा ही तुलनाच लावू नये. सतरा हा १८७१ पासूनच्या अमेरिकी बाजाराचा आकडा आहे, तुमची कंपनी एकटी आहे आणि भारतातली आहे. तुलना तिच्याच मागील दहा-पंधरा वर्षांच्या याच गुणोत्तराशी आणि त्याच धंद्यातल्या दोन-तीन कंपन्यांशी करावी.

दुसरे म्हणजे वाढ. दहा वर्षांची सरासरी ही साधारण साडेचार वर्षांपूर्वीच्या कंपनीचे चित्र असते. महागाई वजा जाता मिळकत दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढणाऱ्या कंपनीचे दहा वर्षांचे गुणोत्तर तिच्या एका वर्षाच्या पी/ईपेक्षा १४ टक्क्यांनी जास्त दिसते. वाढ ६ टक्के असेल तर २८ टक्क्यांनी आणि १० टक्के असेल तर ४८ टक्क्यांनी. या फरकात भाव महाग असल्याचे काहीच सिद्ध होत नाही, ते नुसते गणित आहे. म्हणून सतत वेगाने वाढणाऱ्या कंपनीला ही पद्धत नेहमीच महाग ठरवते.

वरच्या फोर्जिंग कंपनीवर हे लावू. पहिल्या पाच वर्षांची आजच्या रुपयांतली सरासरी ३२.५, नंतरच्या पाच वर्षांची ३८.६. पाच वर्षांत १९ टक्के, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के खरी वाढ. तेवढ्या वाढीसाठी सरासरी १६ टक्क्यांनी वर उचलावी लागते : ३५.६ × १.१६ = ४१.३. त्यावर गुणोत्तर २६ येते. शेवटच्या वर्षाची मिळकत मात्र ६० आहे, म्हणजे या ‘नेहमीच्या’ मिळकतीपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. आता नेमका प्रश्न हाती आला : ही जास्तीची मिळकत टिकणारी आहे का?

त्याचे उत्तर भांडवलात शोधावे. दहा वर्षांचा भागधारकनिधीवरील सरासरी परतावा काढा, त्यातही वाईट वर्षे धरून. समजा तो १२ टक्के आहे आणि आज प्रति समभाग पुस्तकी मूल्य (भागधारकनिधी भागिले समभागसंख्या) ३८० रुपये आहे. मग आजच्या भांडवलावर नेहमीची मिळकत ४५.६ रुपये. म्हणजे ६० पैकी काही वाढ वाढलेल्या भांडवलाची आहे, बाकीची तेजीची. हा पडताळा आम्ही प्रत्येक वेळी करावा असे म्हणू, कारण नफा राखून भांडवल वाढवलेल्या कंपनीवर नुसती सरासरी अन्याय करते.

गुणोत्तर उलटे करूनही पाहावे. २६ चे उलट ३.८ टक्के. मिळकती आजच्या रुपयांत आणलेल्या असल्यामुळे हा महागाई वजा जाता मिळणारा उतारा आहे. त्याची तुलना ठेवीच्या व्याजदराशी थेट करू नये. सरकारी रोख्याचा दर ७ आणि अपेक्षित महागाई साडेचार धरली, तर रोख्याचा खरा उतारा अडीच टक्के. ३.८ आणि २.५ यांतला फरक तुम्ही घेत असलेल्या धोक्याला पुरेसा आहे का, हे त्या कंपनीवरचे कर्ज पाहून ठरवा. या गुणोत्तरात कर्ज कुठेच दिसत नाही. दोन कंपन्यांचे गुणोत्तर २६ असेल, एक कर्जमुक्त आणि दुसरी गळ्यापर्यंत कर्जात, तर त्यांची किंमत एक नव्हे.

विकण्याची वेळ मात्र हा आकडा सांगत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकी बाजाराचे गुणोत्तर २८ च्या आसपास होते आणि फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी भाव अवाजवी चढत असल्याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यानंतर तीन वर्षे बाजार चढतच राहिला आणि गुणोत्तर ४४ वर गेले. घसरण झाली ती त्यानंतर.

प्रश्न : निफ्टीचा पी/ई रोज जाहीर होतो. निर्देशांकाला त्याने भागून मिळकत काढली आणि सरासरी घेतली तर चालेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मार्च २०२१ अखेरचा सांधा लक्षात ठेवला तरच. तोपर्यंत राष्ट्रीय शेअर बाजार हा पी/ई स्वतंत्र लेख्यांवर काढत असे, तेव्हापासून एकत्रित लेख्यांवर काढतो. बदलाच्या दिवशी तो सुमारे ४० वरून सुमारे ३३ वर आला. कंपन्यांनी एका रात्रीत जास्त कमावले नव्हते, मोजमाप बदलले. दोन्ही तुकडे जोडून सरासरी काढली तर जुनी वर्षे कमी मिळकतीची आणि वाढ खोटी दिसते. निर्देशांकासाठी स्वतः खटाटोप करण्यापेक्षा अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांनी भारतासाठी काढलेले शिलर गुणोत्तर पाहावे. अमेरिकेचे आकडे शिलर यांनी १८७१ पासून महिन्यावार विनामूल्य उपलब्ध केले आहेत.

प्रश्न : एसीसीच्या तक्त्यात एक ‘वर्ष’ पंधरा महिन्यांचे आहे. त्याचे काय करू? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : एसीसी आणि अंबुजा यांनी जानेवारी-डिसेंबरऐवजी एप्रिल-मार्च वर्ष धरले, तेव्हा मार्च २०२३ अखेरचा अहवाल पंधरा महिन्यांचा झाला. नेस्ले इंडियाचेही मार्च २०२४ अखेर तसेच झाले. बाराने गुणून पंधराने भागणे ही कामचलाऊ वाट आहे. सिमेंटला ती नीट लागू पडत नाही, कारण त्या पंधरा महिन्यांत जानेवारी-मार्च ही बांधकामाची जोरदार तिमाही दोनदा येते आणि पावसाळ्याची एकदाच. तिमाही निकालांतून एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या चार तिमाह्यांची मिळकत बेरजेने घ्यावी. जानेवारी-मार्च २०२२ ही सुटी तिमाही सोडून द्यावी आणि त्याआधीची वर्षे जानेवारी-डिसेंबरच ठेवावीत. महागाईची सरासरीही त्यांच्यासाठी जानेवारी ते डिसेंबर घ्यावी.

प्रश्न : ही पद्धत कुठे अजिबात वापरू नये? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ज्या कंपनीचे दहा वर्षांपूर्वीचे रूप आजच्या रूपाशी जुळत नाही तिथे. विलीनीकरणाने दुप्पट झालेल्या बँका, नुकत्याच बाजारात आलेल्या कंपन्या, आणि सात वर्षांपेक्षा कमी इतिहास असलेली कोणतीही कंपनी यात येते. विभाजित कंपन्यांत तर हमखास चूक होते. टाटा मोटर्सचा व्यावसायिक वाहनांचा व्यवसाय ऑक्टोबर २०२५ पासून वेगळा झाला. आता जुनी मिळकत दोन्ही व्यवसायांची आणि भाव एकाचाच, असा भागाकार केला तर शेअर फुकटात मिळतोय असे वाटेल. अहवालातील विभागवार नफ्यातून जुनी मिळकत वाटून घेता येत असेल तरच पुढे जावे.

प्रश्न : एकदा केलेला तक्ता किती दिवसांनी बदलायचा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वर्षातून एकदा, वार्षिक निकाल आल्यावर मे-जूनमध्ये. सर्वांत जुने वर्ष काढायचे, नवे जोडायचे आणि सगळे गुणक नव्या निर्देशांकाने पुन्हा काढायचे. जुने गुणक तसेच ठेवून फक्त शेवटची ओळ वाढवणे ही सर्रास होणारी चूक आहे.

नवे वर्ष जोडताना बाहेर पडणाऱ्या वर्षाकडेही पाहावे. वरच्या तक्त्यातले २०२०-२१ चे तोट्याचे वर्ष २०३०-३१ ची मिळकत आत येताना बाहेर जाईल. त्या वर्षी कंपनीने काहीही वेगळे केले नसले तरी सरासरी एकदम वर उडी घेईल आणि शेअर स्वस्त दिसू लागेल. तक्त्याच्या खाली ‘या वर्षी बाहेर गेलेली मिळकत’ अशी एक ओळ कायम ठेवावी, म्हणजे अशी उडी दिसली की तिचे कारण शेजारीच सापडेल.